सावली राखायला माणूस लागतं

वडिवळ्याचं नाव बाहेरच्या माणसाने ऐकलेलं असतं ते धरणामुळे आणि पावसामुळे. कामशेतला लोकलमधून उतरून नाणे मावळात शिरलं की श्रावणात भातखाचरं भरलेली दिसतात, डोंगरावरून पाणी उतरत असतं, धुकं दारापर्यंत येतं. त्यामुळे मी उन्हाबद्दल बोलू लागले की ऐकणाऱ्याला नवल वाटतं. विदर्भातल्या बाईने उन्हाचं सांगावं, मराठवाड्यातल्या बाईने सांगावं. मावळातल्या बाईला उन्हाचं काय? पण मी अंगणवाडी सेविका आहे. माझा सगळा दिवस सहा वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये जातो. या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला लहान मुलांसाठी पावसापेक्षा उन्हाची धास्ती जास्त वाटते. पाऊस दिसतो, वाजतो, आणि थेंब पडायला लागले की आई पोराला आत घेते. ऊन चढताना कुणी पोराला हाक मारत नाही.

आमच्याकडे भात निघालं की शेत मोकळं होतं. पौष-माघ सरेपर्यंत खाचरं भेगाळतात, गवत पिवळं पडून डोंगर उघडे होतात. साग आणि पळस पानं टाकून देतात. धरणाचं पाणी खाली गेलं की काठाचा कातळ उघडा पडतो आणि दुपारी त्यावर पाय ठेववत नाही. २०१९ च्या एप्रिलअखेरीस पुण्यात पारा ४३ अंशांवर गेला होता. मावळ उंचावर आहे, त्यामुळे आमचा आकडा पुण्याहून थोडा कमी भरतो, आणि याच कारणाने आमची माणसं निर्धास्त राहतात.

त्या आकड्याबद्दल मी मातांच्या बैठकीत नेहमी एक गोष्ट सांगते. पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळा आहे, जुनी माणसं तिला सिमला ऑफिस म्हणतात. तिथलं तापमान मोजतात ते सावलीतलं, हवेतलं. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर तापमापक ठेवलेला असतो. आपलं तीन वर्षांचं पोर मीटरभरही उंच नसतं. त्याचं डोकं त्या पेटीच्या खाली, तापलेल्या जमिनीच्या जवळ असतं आणि अंगावर थेट ऊन असतं. टीव्हीवर ३८ सांगितलं म्हणजे अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या वाट्याला ३८ आले असं नाही. त्याच्या वाट्याला त्याहून बरंच जास्त येतं. हे सांगितल्यावर बायका आपापल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून बघतात. मला तेवढंच हवं असतं.

लहान मुलाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त, म्हणून बाहेरची झळ त्याच्या अंगात लवकर शिरते. त्याला घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, त्यामुळे अंग थंड करायची सोय अपुरी. धावताना त्याच्या अंगात उष्णता मात्र वजनाच्या मानाने जास्त तयार होते. शिवाय अंगात पाण्याचा साठा थोडा. दोन-तीन जुलाब झाले आणि वर ऊन लागलं की तो झरझर उतरतो. यापेक्षाही मोठी अडचण म्हणजे खेळात रमलेलं मूल तहान लागली म्हणून थांबत नाही, आणि दीड वर्षाच्या मुलाला तर ती सांगताही येत नाही. मोठं माणूस चटका बसला की सावलीला सरकतं. बाळ जिथे ठेवलं तिथेच असतं.

दर महिन्याला आम्ही मुलांची वजनं-उंची घेतो. उन्हाळ्यात बऱ्याच मुलांचा आलेख अडतो, काहींचा खाली वळतो. भूक मरते, पोट बिघडतं, दुपारी झोप लागत नाही. जे मूल आधीच अशक्त आहे त्याला ऊन सोसत नाही, आणि ऊन सोसलं नाही की ते आणखी अशक्त होतं. म्हणून मे महिन्यात कमी वजनाच्या मुलांच्या घरी मी आधी जाते आणि पहिला प्रश्न विचारते, "पोर दुपारी कुठे असतं गं?" काय खातं, हे त्यानंतर.

अंगणवाडीत आम्ही काही गोष्टी हळूहळू बसवल्या. वर्गावर पत्रा आहे. अकरा वाजले की पत्र्याखालची हवा जड होते, मुलं चिडचिडी होतात. गावातल्या लोकांनी पत्र्यावर भाताचा पेंढा अंथरून दिला आणि पुढच्या वर्षी चुन्याचे दोन हात मारले. अहमदाबादला २०१० च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसं दगावली, त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढे तिथे गरीब वस्त्यांतली छपरं चुन्याने पांढरी करायचं कामही झालं. आपल्याकडे चुना काही महाग नाही. फरक मुलांच्या वागण्यात दिसला. पत्रा पांढरा झाल्यावर खिचडी खायच्या वेळेला मुलं जागची हलत नाहीत, पूर्वी ती उठून दाराकडे पळायची.

पाण्याचंही तसंच. "तहान लागली की पाणी पी" असं मी मुलांना सांगत नाही. एक गाणं झालं की पाणी, एक गोष्ट झाली की पाणी, अशी सवय लावली आहे. मदतनीस मावशी माठातून पेले भरतात आणि प्रत्येकाने प्यायलं का ते बघतात. बाहेरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, नळीतलं पहिलं पाणी तर त्याहून. त्या नळाखाली पोराला थेट धरू नका, आधी आपल्या मनगटावर घेऊन बघा, हे आयांना मुद्दाम सांगावं लागतं. पत्र्याची घसरगुंडी, मोटारसायकलचा सायलेन्सर, डांबरी रस्ता या तीन गोष्टींनी मुलांच्या मांड्या आणि तळपाय भाजलेले मी पाहिले आहेत. घसरगुंडीवर मूल बसवण्याआधी हाताचा पालथा पंजा पाच सेकंद टेकवायचा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही.

एवढं सगळं अंगणवाडीच्या चार भिंतींत जमतं. पण अंगणवाडी सुटते कधी? उन्हाळ्यात सकाळची वेळ असते. मुलं लवकर येतात, खातात, खेळतात, आणि ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला घरी जातात. खरी दुपार तिथून पुढे सुरू होते, बारा ते चार. त्यावेळी आई शेतावर असते, कामशेतच्या बाजूला कुणाच्या बंगल्यावर असते, नाहीतर रस्त्याच्या कामावर. तीन वर्षांच्या आतली मुलं तर अंगणवाडीत बसतही नाहीत. त्यांचा पोषण आहार घरी जातो आणि ती आईबरोबर जातात, आई जाईल तिथे. म्हणजे दिवसातलं सगळ्यात कडक ऊन आणि घरातलं सगळ्यात लहान मूल यांची गाठ रोज पडते, आणि नेमकी त्याच वेळेला त्यांच्यामध्ये कुणी उभं नसतं.

दिवाळीनंतर भातकापणी-झोडणी चालू असते तेव्हा मी घरभेटीला बांधावरून जाते, कारण बायका घरी सापडतच नाहीत. लोकांना वाटतं, उन्हाचा त्रास मेमध्येच. पाऊस ओसरल्यावरचं आश्विन-कार्तिकातलं ऊनही तितकंच चटकतं, कारण जमीन अजून ओली असते, हवा दमट असते आणि घाम सुकत नाही. अशाच एका दुपारी बांधावरच्या झाडाला साडीची झोळी बांधलेली दिसली. आत सात-आठ महिन्यांचं बाळ झोपलं होतं. आईने सकाळी झोळी बांधली तेव्हा तिथे गर्द सावली होती. ती खाली खाचरात पेंढ्या झोडत होती, मान वर करायला फुरसत नव्हती. मी पोचले तोवर सावली पलीकडच्या खाचरात गेली होती आणि झोळी भर उन्हात होती. साडी जाड, वारा आत जात नव्हता, बाळाचं अंग तापलं होतं आणि ते रडत नव्हतं. आम्ही दोघींनी त्याला बाहेर काढलं, कुंची आणि अंगडं उतरवलं, ओल्या फडक्याने सगळं अंग पुसलं, पदराने वारा घातला. थोड्या वेळाने ते किरकिरलं आणि अंगावर प्यायला लागलं. आई म्हणाली, "ताई, मी सावलीतच बांधली होती हो." ती खरंच सांगत होती. तिच्याकडून काहीही चुकलं नव्हतं. तिला दोन कामं होती आणि हात दोनच होते.

तेव्हापासून मी बायकांना "पोराला सावलीत ठेवा" असं म्हणणं सोडलं. सावली एका जागी राहत नाही. सकाळी झाडाच्या पश्चिमेला असते, मध्यान्हीला बुंध्याशी येते, दुपारनंतर पूर्वेला जाते. मेच्या मध्यावर आमच्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली काठीखालीच जाते. त्याच्या मागचेपुढचे कितीतरी दिवस भिंतीच्या आडोशालाही मध्यान्हीला सावली अशी उरत नाही. वर काहीतरी हवं. छप्पर, नाहीतर दाट पानांचं झाड. झाडही बघून निवडावं लागतं. साग, पळस, काटेसावर उन्हाळ्यात कामाचे नाहीत. आंबा, जांभूळ, वड यांची सावली टिकते. करंजाला तर चैत्रात नवी पालवी फुटते आणि ऐन उन्हाळ्यात त्याच्याखाली गारवा असतो. आमच्या आज्यांना हे सगळं माहीत होतं. बांधावरचा करंज तोडू नका म्हणून त्या भांडायच्या, त्यामागे हेही कारण होतं.

म्हणून झोळी बांधताना आता मी दोन गोष्टी सांगते. दुपारची झोळी झाडाच्या पूर्वेला बांधा, म्हणजे सावली झोळीकडे सरकत येईल, झोळीपासून दूर जाणार नाही. आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी एकीने उठून बघायचं. आज तू, उद्या मी, पण ठरवून एकीने. "सगळ्यांचं लक्ष आहे" म्हणजे कुणाचंच नाही.

अगदी तान्ह्या बाळांच्या बाबतीत मला जास्त बोलावं लागतं ते घरातल्या वडीलधाऱ्या बायकांशी. आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात, शेगडी ठेवतात, बाळाला टोपडं, कुंची, दुपटं असं गुंडाळतात. पावसाळ्यात आणि थंडीत मावळातल्या कुडाच्या घरात त्याचा उपयोग होताच. पण एप्रिलमध्ये, पत्र्याच्या खोलीत, दार लावून? मी आजींना म्हणते, "आजी, तुम्ही आत्ता चोळीवर पदरसुद्धा नीट घेत नाही इतकं उकडतंय, मग त्याला तीन कपडे कशाला?" बाळाच्या मानेमागे हात घालून बघायचं. मान घामेजली असेल, छातीवर घामोळ्या उठल्या असतील तर एकच सुती झबलं पुरे. आज्या ऐकतात. त्यांना रागावून सांगितलं तर ऐकत नाहीत. त्यांचाच हात बाळाच्या मानेवर ठेवला तर लगेच पटतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नाही. आईच्या दुधात पाणीच जास्त असतं. उन्हाळ्यात ते जास्त वेळा पाजायचं. पाणी प्यायचं ते आईने, एरवीपेक्षा जास्त. चमचाभर पाण्याने बाळाचं इवलंसं पोट भरतं, ते दूध कमी पितं, आणि पाणी चांगलं नसेल तर जुलाब लागतात.

आणि तिसरी, उन्हात झोपवायची. बाळाचे डोळे पिवळे दिसले की उघडं करून अंगणात ऊन द्यायचं, असं घरोघरी सांगतात. हिवाळ्यात सकाळी थोडा वेळ कोवळं ऊन अंगाला लागलं तर बिघडत नाही. पण कावीळ उन्हावर सोपवायची नाही. पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ नीट पीत नसलं, तर त्याला ऊन देत बसायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. तिथे निळ्या दिव्याखाली ठेवतात, तो उपाय वेगळा.

उन्हाने आजारलेलं मूल कसं ओळखायचं, हे मी दर उन्हाळ्यात पहिल्या बैठकीला सांगते. रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प झालेल्या मुलाकडे आधी बघा. खेळणारं पोर एकाएकी येऊन कडेला आडवं झालं, ओठ कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी येईना, सकाळपासून लघवी नाही किंवा अगदी पिवळी, तान्ह्या बाळाची टाळू खोल गेलेली, तर ऊन लागायला सुरुवात झाली आहे. सावलीत न्या, कपडे उतरवा, अंग ओलं करा, वारा घाला, घोट घोट जलसंजीवनी पाजा. पण मूल गुंगीत गेलं, बरळू लागलं, झटका आला, अंग चटका बसावा इतकं तापलं, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत साध्या पाण्याने अंग ओलं करत वारा घालत राहा. तापाच्या औषधाने हा ताप उतरत नाही, त्यामुळे औषध शोधण्यात वेळ घालवू नका. अंग थंड करणं हाच उपचार, आणि तो घरातून निघायच्या आधीच सुरू झाला पाहिजे.

मलूल झालेल्या मुलाला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळतात. मी कुणाला ओवाळू नका म्हणत नाही. आधी पाणी पाजा, अंग पुसा, मग ओवाळा, एवढंच सांगते. नाकाचा घोळणा फुटला की मुलाला उताणं झोपवून कांदा हुंगवतात. उताणं झोपवलं की रक्त घशात जातं. त्याला बसवायचं, मान किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरायचा. सुटतंय का म्हणून मधेमधे सोडून बघायचं नाही.

जलसंजीवनीच्या पुडीवर बायकांचा विश्वास बसत नाही. "नुसत्या पुडीने काय होणार, सलाईनच लावा," म्हणतात. तेव्हा मी त्यांना बनगावची हकिकत सांगते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या त्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी मोठ्या पिंपांतून तोंडाने द्यायला लावलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. तीच ही पुडी. एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी अंदाजाने नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं. दुकानात मिळणारी गोड पेयांची खोकी म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्या खोक्यांवर 'ओआरएस' असं नाव छापायला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, ते फार बरं झालं. ताक, पन्हं, नाचणीची आंबील हे आपलं रोजचं चांगलं पिणं, वर्षाच्या वरच्या मुलांना जरूर द्यावं. पण जुलाब लागले असतील तर पुडीच.

मावळातला उन्हाळा सणावारांचाही असतो. चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईची यात्रा, गावोगावच्या देवांचे उत्सव, लग्नसराई. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून घाटाच्या कडेला खांद्यावर पोरं घेऊन माणसं दुपारभर उभी असतात. आनंदाच्या गर्दीत लहान मुलाकडे लक्ष राहत नाही. लग्नात तर दोन वर्षांच्या मुलाला जाड शेरवानी आणि मुलीला जाळीचा नायलॉनचा फ्रॉक घालतात आणि मांडव असतो पत्र्याचा. मी लग्नाचं निमंत्रण आलं की यजमानीणबाईंना एवढंच सुचवते: एक खोली लहान मुलांसाठी मोकळी ठेवा, तिथे पंखा आणि पाण्याचा हंडा असू द्या. देवाला जायचं तर सूर्य उगवताना पायऱ्या चढा आणि नऊच्या आत उतरा. देव सकाळीही भेटतो.

सुट्टीच्या दिवशी धरणाकडे आणि लोणावळ्याकडे गाड्यांची रांग लागते. झोपलेलं मूल गाडीत ठेवून "आलोच पाच मिनिटांत" म्हणत आईवडील पाण्याकडे उतरतात. बंद गाडीतलं तापमान उन्हात दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी वर जातं, अर्ध्या तासात वीस अंशांच्या आसपास. काच बोटभर खाली ठेवल्याने काही फरक पडत नाही. शहरातून येणाऱ्या सगळ्या आईबापांना हात जोडून सांगते, झोपमोड झाली तरी चालेल, मूल बरोबर घ्या. उकाड्याने पाण्याकडे धावणारी थोडी मोठी मुलं हीही वेगळी काळजी आहे. धरणाचा काठ शांत दिसतो, पण पाण्याखाली एकदम खोल उतरतो. मोठं माणूस बरोबर नसेल तर मुलाने पाण्यात उतरू नये.

हे सगळं सांगून झालं तरी मूळ प्रश्न उरतोच: दुपारी मूल कुणाकडे? ज्यांना घर आहे, आजी आहे, त्यांचं भागतं. आमच्या भागातल्या कातकरी कुटुंबांचं काय? दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर वरून ऊन, बाजूने भट्टीची धग, आणि मूल प्लास्टिकच्या कागदाच्या पालात. आई विटा थापते. अशा पालात मी वजनकाटा घेऊन गेले आहे. तिथे त्या आईला "मुलाला उन्हात आणू नका" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. ती त्याला कुठे ठेवणार?

या प्रश्नाचं उत्तर कुणालाच सुचलं नव्हतं असं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे १९५७ मध्ये त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी फिरतं पाळणाघर सुरू केलं. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तर स्पष्ट लिहिलं गेलं: कामाच्या जागी पिण्याचं पाणी हवं, मुलांसाठी सावली हवी, आणि बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमून तिला मजुरी द्यायची. ज्यांनी हे लिहिलं त्यांना बांधावरची झोळी ठाऊक असली पाहिजे. नुसतं छप्पर मागून ते थांबले नाहीत, त्यांनी माणूस मागितलं, आणि त्या माणसाला मजुरी मागितली.

एका उन्हाळ्यात आम्ही हे गावात करून पाहिलं. देवळाचा सभामंडप दगडी आहे, दुपारीही गार असतो. चार-पाच आया आणि एक आजी अशा मिळून बारा ते चार मुलं तिथे ठेवू लागल्या. चटया, माठ, ओली फडकी, दोन-तीन झोळ्या, एवढंच सामान. मुलं निवांत झोपायची. आया शेतावर निर्धास्त असायच्या. काही आठवडे छान चाललं. मग आजी लेकीकडे गेल्या, एकीला रोजाचं काम मिळालं, दुसरीच्या घरी आजारपण आलं, आणि व्यवस्था मोडली. त्यात दोष कुणाचाच नव्हता. गरीब बाई रोज चार तास फुकट देऊ शकत नाही. तिने ते द्यावेत अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ग्रामपंचायतींनी उन्हाळ्याच्या चार महिन्यांसाठी गावातली एक गार जागा दुपारी उघडी ठेवावी, देऊळ, समाजमंदिर, शाळेची खोली, जी असेल ती, आणि तिथे एका बाईला रीतसर पगार देऊन नेमावं. वीटभट्टीच्या मालकांनी, रस्त्याच्या ठेकेदारांनी, बंगल्यांच्या आणि शेतघरांच्या मालकांनी, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईबरोबर मूल आहे का हे पहिल्याच दिवशी विचारावं आणि त्याच्यासाठी सावली, पाणी आणि बघायला एक माणूस द्यावं. आणि वाचणाऱ्या तुम्हाला एवढंच सांगते: उद्या दुपारी बारा ते चारच्या मध्ये रस्त्याच्या कामाशेजारी, बांधकामावर, बांधावर कुठे एखादं लहान मूल दिसलं तर पुढे जाऊ नका. ते सावलीत आहे का बघा, नसेल तर त्याच्या आईला हाक मारा, आणि ती येईपर्यंत तिथे थांबा.